मामाची गोळी

लालबाग,
६ नोव्हेंबर २००५

सौ. तुळसाताईस हरेश्वरचा सा. न. वि. वि.

तुमच्या आळीतला फोन वाण्याच्या दुकानात. तिथे बोललं की सगळ्या मुरूडला बातमी, म्हणून पत्र लिहितो. वाचून चुलीत घाल.

धर्मामामाच्या तोंडात बुरशी आलीय. हसू नकोस. जीभ, टाळू, गाल, सगळीकडे दह्याची साय फासल्यासारखं पांढरं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एचआयव्हीने अंगातली ताकद कमी झाली की ही डोकं वर काढते, मामासारख्या बऱ्याच जणांना होते. मामा त्यांच्यावरच उखडला. बुरशी पावाला येते, माणसाला नाही, असं तोंडावर सांगून आला. तोंडात धरायच्या गोळ्या दिल्यात. आठवडा झाला, काडीचा फरक नाही. घास गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, पेज तेवढी जाते. बुरशी अन्ननलिकेत उतरली तर ॲडमिट करावं लागेल म्हणे. गोळ्याच नकली असणार म्हणून मी केमिस्टशी भांडून आलो. काउंटरची काच शाबूत आहे.

आणि नेमके या महिनाअखेरच्या रविवारी शेवंताचे बाबा, शीव कोळीवाड्याचे दत्तू नाखवा, जेवायला यायचेत. आई-बाबांमागे आपल्यात मोठा मामाच. तो जेवला नाही तर पाहुणे ताटाला हात लावायचे नाहीत. शेवंताशिवाय मी जगणार नाही हे तुला ठाऊक आहेच. मामाशिवायही नाही, पण ते त्याला सांगू नकोस.

तुझा, तुझ्या लोभावरच तग धरून असलेला,
हरेश्वर


मुरूड,
१२ नोव्हेंबर २००५

चि. हरेश्वरास अनेक आशीर्वाद.

मागच्या वर्षी ती माझगावची होती, तिच्याशिवायही तू जगणार नव्हतास. तेव्हा तुझं राहू दे, आधी मामाचं बघू.

केमिस्टशी भांडायला गेलास, पण मामा गोळी घेतो कशी ते घरात बसून पाहिलंस का रे शहाण्या? मामाच्या गिरणीत कापूस पेटेल म्हणून विडीला बंदी. साचाखात्यात सगळे तंबाखू ओठाआड धरायचे. संपात गिरणी गेली, सवय राहिली. मामाला ओठाआड धरायचं आणि थुंकायचं एवढंच ठाऊक. गोळीचंही तेच करत असणार. त्याला सांग, ती हळूहळू विरघळू द्यायची आणि लाळ गिळायची.

आणि दत्तू नाखवांपासून दुखणं लपवू नका. उद्या कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. हे घरी आलेत, आवरते घेते. माया आहेच, अक्कल तेवढी वापर.

तुझी ताई,
तुळसा


लालबाग,
२८ नोव्हेंबर २००५

सौ. ताईस सा. न.

तुझ्या तोंडात साखर. मामाला रंगेहाथ पकडला. गोळी खालच्या ओठात, स्वारी खिडकीत, आणि पिचकारी थेट खाली. खालच्या रखमाकाकू वाळत घातलेल्या लुगड्यावरचे पांढरे डाग बघून इतके दिवस कावळ्यांना शिव्या देत होत्या! डॉक्टरीणबाईंनी हसून चष्मा काढला, मग नीट तपासून पाण्याबरोबर गिळायच्या गोळ्या दिल्या. आठ-दहा दिवसांत जीभ लाल दिसायला लागली.

काल दत्तू नाखवा सरंग्याची जोडी घेऊन आले. पानं मांडली आणि मामाने सरळ सांगून टाकलं, मला एचआयव्ही आहे, बसायचं तर बसा. मी मूठ आवळून तयार. ते उठले असते तर काय झालं असतं, मलाच ठाऊक. नाखवांनी विचारलं, एकत्र जेवून होतो का? मामा म्हणाला, होत असता तर रोज माझ्या ताटातलं उचलणाऱ्या ह्या गाढवाला आधी झाला असता. नाखवा बसले. गिळताना दुखतं का विचारलं आणि सरंग्याचे काटे काढून तुकडा मामाच्या पानात ठेवला. माझी मूठ मांडीवर तशीच.

मग माझ्याकडे वळले. तुमच्या दुखण्यावर औषध आहे, मामाला म्हणाले, पण कॉलेज अर्ध्यात सोडून दिसेल त्याच्याशी भांडणाऱ्या ह्या पोरावर कुठल्या दवाखान्यात औषध मिळतं तेवढं सांगा. त्याने वर्षभर पहाटे माझ्याबरोबर धक्क्यावर यावं. एकही भांडण झालं नाही, तर शेवंताचं बघू.

ताई, माशांच्या लिलावात! भांडण न करता!

मामा एवढा हसला की ठसका लागला. दोनदा भात मागून जेवला. माझ्या घशाखाली मात्र घास उतरेना.

लोभ असेल तेवढा सगळा धाडून दे, उद्यापासून लागणार आहे.

तुझा,
हरेश्वर