डावा हातमोजा

बाबा,

हॅलिबट मासे धरायला येणाऱ्या चारही पाहुण्यांचे उबदार पोशाख आणि गळ बोटीवर ठेवलेत. तुम्ही फक्त टेबलावरचा कॉफीचा थर्मास आणा.

काल तुमचे लोकरी हातमोजे रफू करायला घेतले. एक बाजू झिजली की उलटून घालता यावेत म्हणून आई प्रत्येक मोज्याला दोन अंगठे विणायची. तुमच्या उजव्याच्या दोन्ही बाजू विरल्यात, डावा मात्र नवाकोरा आहे. पक्षाघातानंतर डावा हात ठणठणीत झाला म्हणालात ना?

आज मीही येतेय. पाहुण्यांनी विचारलंच तर सांगा, "पोरीला समुद्राचं तापमान मोजायचंय, उगाच लुडबुडते." तापमान मोजीनच, दोरही ओढीन.

धक्क्यावर आहे. बोटीची किल्ली माझ्या खिशात आहे.

गुनवोर