पदक मिळालं, दुसरा अंतरा राहिला

प्रिय भावोजी,

वहिनीचा आशीर्वाद. तुमच्या दोन्ही गुडघ्यांना वेगळा आशीर्वाद, कारण समारंभाला न येण्याचं सगळं श्रेय तुम्ही त्यांनाच दिलं आहे. पथ्य पाळता ना? मी बरी आहे. अक्षर माझं नाही हे तुम्ही जाणताच. समोरच्या घरातली नर्सबाई ड्यूटीवरून आली की लिहून देते. (मी सांगते त्यातलं सभ्य तेवढंच उतरवते, म्हणून मी मधूनमधून तिला मोठ्यानं वाचून दाखवायला लावते.)

तर, जन्मभर जॅझ गायल्याबद्दल देशानं मला पदक दिलं. आपला बँड होता तेव्हा हॉटेलचा मॅनेजर आपल्याला मागच्या दारानं आत घ्यायचा. आता पुढच्या दाराशी लाल गालिचा. त्यावरून मी एकटी चालले. तुमचे दादा असते तर पियानोकडे जायच्या घाईत गालिच्यात पाय अडकून पडले असते, लंबू त्याच्या त्या भल्यामोठ्या बेससकट दारात अडकला असता, आणि ट्रम्पेटवाला फुंकणीराव आधी खाण्याची टेबलं कुठं मांडलीत ते बघून आला असता. तिघेही गेले. उरलो तुम्ही आणि मी. त्यात तुम्ही दादा गेल्यावर ड्रमवर चादर घातलीत ती काढायला तयार नाही.

खुर्च्यांवर नावं चिकटवली होती. मला कुठं वाचता येतं, सगळी नावं सारखीच. जी मऊ दिसली तीत बसले. ती मंत्र्यांची निघाली. मला उठवायचं धाडस कुणाला होईना, तेव्हा मंत्री शेवटपर्यंत घडीच्या खुर्चीवर अवघडून बसले होते. (नर्सबाई हसते आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं असेल.) नंतर स्टेजवर समोरच्या काचेवर माझं भाषण पळायला लागलं. कुणीतरी मोठ्या कष्टानं लिहिलं असणार. मी ते मुंग्यांच्या रांगेसारखं शांतपणे जाऊ दिलं आणि म्हटलं, "बोलत काय बसायचं, गाते."

साथीला चार तरुण दिले होते, गुणी आणि कडक इस्त्रीचे. गाणं आपलंच, दादांनी चाल लावलेलं. पहिला अंतरा छान झाला. (ए, 'छान' दोनदा लिही.) मग मी थांबले. आता तुम्हाला वेगळं काय सांगायचं? पहिल्या अंतऱ्यानंतर सगळ्यांनी थांबायचं, तुम्ही घामानं धुरकटलेला चष्मा पुसायचा, परत चढवायचा, आणि मग ड्रमच्या कडेवर काठी एकदाच 'टक्'. ते ऐकलं की मी श्वास घ्यायचा. जाणकारांनी त्या शांततेवर लेख लिहिले. चष्म्याचं आपण कुणाला बोललो नाही. पण हा नवा ड्रमवाला थांबलाच नाही. (चष्माच नाही त्याला.) बँड पुढं गेला, फिरून आला, पुन्हा पुढं गेला, आणि मी आपली 'टक्'ची वाट बघत तोंड उघडं ठेवून उभी. शेवटी बिचाऱ्यांनी हात आवरले. सगळं सभागृह गप्प. मला वाटलं, आता झाला असेल पुसून. म्हणून मागं वळून बघितलं.

लोकांना वाटलं, आजींना गहिवरून आलं. सगळे उठून उभे राहिले, राष्ट्रपतींनी रुमाल काढला. पूर्ण गाण्याला एवढ्या टाळ्या मला कधी मिळाल्या नव्हत्या.

घरी आल्यावर पदक दाखवायचं कुणाला? लिफ्टवाल्याला दाखवलं. "छान आहे आजी. कितवा मजला?" म्हणाला. (इतकी वर्षं तोच मला वर नेतो.) दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात तेच गाणं म्हणून बघितलं. पहिला अंतरा संपला, थांबले. भांडी विसळून झाली, ओटा पुसून झाला. तेवढ्यात फ्रीजनं खट्कन आवाज केला आणि मी दुसरा अंतरा धरला! पण फ्रीजच्या भरवशावर किती दिवस गाणार?

बाकी सगळं ठीक. जपून राहा.

तुमची,
वहिनी

ता.क. आपली सगळी गाणी सरकारी संग्रहासाठी रेकॉर्ड करणार आहेत. त्याच ड्रमवाल्याला सांगितलं आहे. चांगला आहे हो. तुम्ही मुळीच त्रास घेऊ नका.

आणखी ता.क. त्याला नको म्हणून कळवलं. तुमच्या गुडघ्यांना सोसेल असं उंच स्टूल सुताराकडून करून घेतलं आहे. हात थरथरतात ही सबब सांगू नका. माझा आवाजही थरथरतो, मी कुणाला सांगायला जाते का?

शेवटचं ता.क. नाही वाजवलंत तरी चालेल, भावोजी. मागची खोली रिकामी आहे. येऊन राहा, आणि जेवताना समोर बसून माझ्याशी भांडा. नर्सबाई गुणाची आहे, पण मी काहीही म्हटलं की "हो आजी" म्हणते. आता हे सांगितलं, तर त्यालाही "हो आजी"च म्हणाली.