भट्टीची भिंत, फाटकाची भिंत

दिनांक ९, गुरुवार, दुपारचा चहा झाल्यावर

माझ्या लाडक्या खारूताईस,

आजीकडून पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. मी बरी आहे, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. तुझे आईबाबा कामावर गेलेत. आजोबा खिडकीत बसलेत.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, आजी, हाताने लिहिलेलं पाकीट हल्ली बघायला मिळत नाही, कुणाचं आहे? म्हटलं, नातीचं, मला दुसरं कोण लिहिणार. तो सायकलला टेकून उभाच राहिला, जणू मी त्याला वाचून दाखवणार होते. मी दार लावून घेतलं. आधी एकटीने वाचलं, मग आजोबांना वाचून दाखवलं, मग शेजारची शिवणवाली आली तिलाही वरवरचं ऐकवलं. आतलं नाही हो, घाबरू नकोस.

इतका आनंद झाला की गॅसवरचं दूध उतू गेलं ते मला वासावरून कळलं. अगं, आजवर लोकांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. मीठ कुठे ठेवलंय, माझा टॉवेल कुठे गेला, ह्यांची गोळी जेवणाआधी की नंतर. पण 'आजी, तू कोणत्या विचारांची?' असं या घरात मला कुणी विचारलं नव्हतं. तुझ्या बाबांनाही सांगितलं मी रात्री जेवताना. ते म्हणाले, आता हिलापण वेड लावणार का ती. मी म्हटलं, लावू दे, रिकामीच होते.

तर तू लिहितेस की तुमच्या कॉलेजात डावे म्हणवणारेच किती प्रकारचे आहेत. ते शब्द मी बोट ठेवून ठेवून वाचले. युनियनच्या संध्याकाळच्या वर्गात पाटीवर शिकलेली बाई मी, 'अराज्यवादी' वाचताना दोनदा पाणी प्याले. समाजवादी आणि साम्यवादी हे मला चुलत भावांसारखे वाटतात. भांडतातही तसेच, परक्याशी भांडणार नाहीत इतकं. मी माझ्यापुरती सोपी विभागणी केली आहे. एक पायरीपायरीवाले, आज थोडं मिळवू, उद्या थोडं. दुसरे मुळापासूनवाले, अख्खं घर पाडून नवं बांधू म्हणणारे. तिसरे, ज्यांना पुढारीच नको. हे तिसरे आमच्या वेळी नव्हते. आमच्याकडे उलट होतं, पुढारी भरपूर, सतरंजी उचलायला कुणी नाही.

मी यातली कोण, यावर मी बरेच दिवस विचार केला. भांडी घासताना केला, देवाशपथ. रागात असले की मी मुळापासूनवाली असते. घरात कुणाला ताप असला की पायरीवाली होते, कारण डॉक्टरला आज बोलवायचं असतं, क्रांतीनंतर नाही. हे तुझ्या पुस्तकात कुठल्या नावाखाली येतं ते बघून कळव. काहीच नाव नसलं तरी चालेल, पण विचारलंस याचं मला फार बरं वाटलं.

आता तुझा दुसरा प्रश्न. आजोबा नक्की कोणत्या बाजूचे होते? तू लिहिलंयस की महिनाअखेरीच्या सभेत तुमच्या गटाचे दोन तुकडे होणार, तुला एक धरावा लागणार, आणि आजोबा जिथे उभे राहिले तिथेच तू उभी राहणार, म्हणजे निदान रक्ताशी इमान राहील. वाक्य छान आहे. आजोबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, ही मुलगी कोण? म्हणजे, पत्र लिहिणारी कोण, असं.

ते हल्ली थोडं विसरतात, तुला माहीत आहेच.

आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ आहे तुझी. तुझ्या खोलीतली, तुमच्याच गटातली ती चष्मेवाली आणि तू आता बोलत नाही, दोन खाटांच्या मध्ये दोरीवर चादर टाकली आहे. मागच्या सुट्टीत जिला घेऊन आली होतीस तीच ना? माझ्या लुगड्यांच्या पेटीवर बसून जी तुझ्यापेक्षा मोठ्याने हसत होती? अख्ख्या पत्रात वाद आणि मतं, आणि ती चादर एका ओळीत. मला ते पत्र त्या ओळीसाठीच लिहिलं असावंसं वाटलं. चुकले असेन तर आजीला माफ कर.

म्हणून तुला वकिलाचं सांगते. तुझ्या बाबांसमोर हे नाव काढू नकोस, ते या नावाला शिवी समजून लहानाचे मोठे झालेत.

वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. तो आणि तुझे आजोबा काच कारखान्यात जोडीदार होते. पुरुषभर उंचीची काच दोघांनी उभी धरून भट्टीकडून गोदामात न्यायची, हे काम. हाताला चामड्याचे पंजे. एक पुढे, एक मागे, आणि मागच्याला पुढचं काही दिसत नाही. भट्टीचा आवाज असा की ओरडून उपयोग नाही. म्हणून काचेवर बोटाने टिचकी मारायची. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, तीन म्हणजे खाली ठेव. ती कानाला ऐकू येत नसे, तळहाताला कळत असे. जोडीदार बदलला की काच फुटायची, म्हणून मुकादम जोड्या मोडत नसे.

वाद घालण्यात पटाईत म्हणून तो वकील. आणि मालकांना सगळ्यात जास्त शिव्या तुझे आजोबा द्यायचे म्हणून वकील त्यांना 'मालक' म्हणायचा. दोघांचं जेवण एका डब्यात, आणि भांडण रोज. तुझे आजोबा मुळापासूनवाले, कारखानाच कामगारांच्या हातात पाहिजे म्हणणारे. वकील पायरीवाला. आधी वेळ कमी करून घेऊ, मग औषधपाणी, मग पुढचं. आमच्या स्वयंपाकघरात बसून दोघं असे भांडायचे की मी मध्ये ताटं ठेवली तरी कळायचं नाही. जेवून उठले की गळ्यात गळा.

मग मोठा संप झाला. लांबला. शेवटी मालकाने अर्धंमुर्धं देऊ केलं, आणि युनियनमध्ये फूट पडली. घ्यावं की लढावं? चिठ्ठ्या नकोत, उघड ठरू दे असं झालं. कारखान्याच्या अंगणात सगळे जमले. ज्यांना घ्यायचंय त्यांनी फाटकाच्या भिंतीला जायचं, ज्यांना लढायचंय त्यांनी भट्टीच्या भिंतीला.

तुझे आजोबा फाटकाच्या भिंतीला गेले. आणि वकील भट्टीच्या.

मी कुंपणाबाहेर बायकांत उभी होते. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, भिंती उलट्या समजले. बाकीच्यांना काय, आपापल्या जागी जायची घाई. ते दोघं मात्र अंगणाच्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांकडे बघत होते. त्यानंतर त्यांनी एकमेकांकडे बघितलं नाही. घरी येऊन हे म्हणाले, इतकी वर्षं मला धीराने घे शिकवणारा आयत्या वेळी टाळ्या मिळतात त्या बाजूला गेला. तिकडे वकील म्हणत होता, तोंडाने आग ओकणारा मालक शेवटी शेपूट घालून फाटकाशी उभा राहिला. रंग बदलला, असं दोघंही म्हणाले.

मी एकदाच ह्यांना विचारलं होतं, तुम्ही तिकडे कसे गेलात. हे म्हणाले, पटलं म्हणून. ते तोंड बघून मी पुन्हा विचारलं नाही.

संप मोडला. फाटकवाल्यांनाही काही मिळालं नाही, भट्टीवाल्यांनाही नाही, दोघांना एकाच दिवशी मालकाच्या अटीवर आत घेतलं. पण युनियनच्या दोन युनियन झाल्या त्या झाल्याच. तुझे आजोबा पायरीवाल्यांच्या कमिटीवर गेले, वकील मुळापासूनवाल्यांच्या. सभेत हे बोलायला उभे राहिले की मला हसू येई आणि मग वाईट वाटे. शब्द न् शब्द वकिलाचे. माझ्याच स्वयंपाकघरात ऐकलेले. आणि लोक सांगायचे, वकीलही तिकडे असाच पेटून बोलतो, थेट तुमच्या ह्यांच्यासारखा.

आणि कामावर जोडी तीच. मुकादमाने मोडली नाही, यांनी बदलून मागितली नाही. कारखाना बंद पडेपर्यंत दोघांनी एकमेकांशी शब्द न बोलता काच वाहिली. एक टिचकी थांब, दोन चल, तीन ठेव. एकही फुटली नाही.

शिवणवाली हाक मारतेय, ह्यांनी गोळी थुंकली वाटतं. उरलेलं नंतर.

शनिवार

खारूताई, पाकीट बंद करणार होते. पण गुरुवारी मी जिथे थांबले तिथे मला शिवणवालीने काही हाक मारली नव्हती. ती तिच्या घरी होती. मलाच पुढे लिहवेना.

आजोबा थोडं विसरतात असं लिहिलं. थोडं नाही. गेला पावसाळा संपता संपता त्यांच्यातून पुष्कळ काही गेलं. तुझे बाबा म्हणाले, परीक्षा आहे, तिला सांगू नका. मी कोण हे त्यांना सकाळी माहीत असतं, दुपारी नसतं. संप मात्र त्यांना कालचा वाटतो. छे, कालचा नाही, उद्याचा.

हे वकिलाला कुणाकडून तरी कळलं. एक दिवस दार वाजलं, मी उघडलं, तर दारात वकील. काठी, पांढऱ्या भुवया. मला म्हणाला, वहिनी, आत येऊ का? इतक्या वर्षांनी. मी बाजूला होतेय तोच आतून ह्यांचा आवाज आला.

"ये वकिला. उशीर केलास."

तो खिडकीशी बसला. दोघं सावलीत बसलेल्या म्हाताऱ्या बैलांसारखे नुसते बसून राहिले. मी चहा ठेवला. तेव्हा हे एकदम म्हणाले,

"उद्या मी फाटकाच्या भिंतीला उभा राहणार. मला पटत नाही ते. पण तू तिकडे असणार. काचेचं दुसरं टोक धरायला कुणी नको?"

वकिलाने बशी खाली ठेवली.

"मालक," तो म्हणाला, "मी भट्टीकडे गेलो रे."

"तू? तू कशाला जाशील तिकडे?"

"तू असशील म्हणून."

हे हसले. असे खूप दिवसांत हसले नव्हते. म्हणाले, "मग तर चुकामूक होईल. बरं झालं आलास. आधी ठरवून घेऊ."

वकील भिंतीकडे तोंड करून रडला. मी स्वयंपाकघरात गेले. मला त्या दोघांचा राग आला, तुला काय सांगू. एवढ्या सभा, एवढी भाषणं, तुझ्या बाबांना वकिलाच्या मुलीशी खेळू दिलं नाही ते वेगळंच, आणि एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही की बाबा रे, तू कुठे उभा राहणार आहेस.

त्यानंतर वकील रोज संध्याकाळी यायचा. दाराची कडी नाही वाजवायचा. अंगणातून येऊन खिडकीच्या काचेवर दोन टिचक्या मारायचा. हे आतून तळहात लावून बसलेले असायचे. मग रोज तेच बोलणं, उद्या कुठे उभं राहायचं. रोज ठरायचं. दोघंही खूश.

मागच्या महिन्यात वकील वारला. छातीचं दुखणं होतंच, भट्टीजवळ राबलेल्या सगळ्यांना होतं. त्याची मुलगी सांगायला आली, तीही आता अर्धी पांढरी झाली आहे. मी ह्यांना सांगितलं. खूप रडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारलं, वकील का नाही आला? मी सांगितलं. पुन्हा तेवढेच रडले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्यांना दर वेळी बातमी नवी, रडणं नवं. मग मी सांगायचं सोडून दिलं. आता म्हणते, येईल, वाटेत असेल. हे बरोबर की चूक, हे मला कुठलेच वादी सांगू शकणार नाहीत. तूही सांगू नकोस.

तर आजोबा कोणत्या बाजूचे होते? उभे फाटकाशी होते, मनाने भट्टीशी होते, आणि जन्मभर बोलले दुसऱ्याचं. आता तू यातल्या कुठल्या जागी उभी राहशील? म्हणून म्हणते, त्यांच्यासाठी कुठेच उभी राहू नकोस. आणि चष्मेवालीसाठीही नको. तिलाही तुझ्यासाठी राहू देऊ नकोस. सभेच्या आधी ती चादर काढ, तिला विचार तू कुठे जाणार, तुझं तू सांग. भांडा हवं तेवढं. मग खुशाल समोरासमोरच्या भिंतींना उभ्या राहा. आपापल्या भिंतीला उभी असलेली माणसं नंतर एकत्र काच उचलू शकतात असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, बघितलेलं नाही.

सुट्टी लागली की ये. त्यांना तू आठवशील असं वचन देत नाही. मला आठवतेस.

संध्याकाळ झाली. हे खिडकीला तळहात लावून बसलेत. आता मला चपला घालून अंगणात जायचंय. काचेवर बोट वाजवलं की ते उठून उभे राहतात, हात पुढे करतात, जणू समोर काच आहे. पावलं टाकत नाहीत, पण चेहरा चालल्यासारखा होतो. मी बाहेर, वाकून, त्यांना दिसू नये म्हणून.

तुलाही दोन टिचक्या.

तुझी,
खिडकीबाहेरची आजी