दोन वाट्या

गिरिधर बाबू,

ठेवू ना गा नाव, पोराच्या नावाची एवढी घाई काहून? तू काटोलच्या बाजारात संत्री विकता विकता बारसं करून राहिला, अन् मी इथं अंगणात येरझारा घालून राहिली.

चोरओटीच्या दिवशी सुनेनं दोन झाकल्या वाट्यांतली एक उघडली, पेढा निघाला, अन् तू असा नाचला की पायजाम्याची नाडी सुटली. बर्फी निघाली असती तं तिसरी पोरगी नको म्हणून तू तिले तपासणीले नेणार होता, पोट पाडाले. आता तिले आठवा महिना लागला.

हे पत्र बाळंतपण झाल्यावरच टपालाच्या डब्यात टाकीन.

विधवेची सावली नको म्हणून तुह्या सासूनं त्या दिवशी मले चुलीपाशी बसवलं. वाट्या मीच भरल्या. दोन्हीत पेढेच होते.

तुही माय