कांड्यांच्या टोपलीवरील नावाबाबत

प्रति,
मा. ग्रंथालय अधिकारी तथा निमंत्रक,
प्रौढ सर्जनशील लेखन कार्यशाळा,
अक्षरसदन सार्वजनिक वाचनालय,
महाल, नागपूर.

अर्जदार : हेमराज बाबनराव धकाते, वय ५४, शिक्षण आठवी पास (नववी अर्धी), व्यवसाय इतवारीतील साडीच्या दुकानात घड्या घालणे, राहणार महाल, नागपूर.

विषय : कार्यशाळेच्या संग्रहात छापावयाच्या ‘कांड्यांची टोपली’ या लेखावर सौ. प्रेमिला हेमराज धकाते हिच्या नावासोबत अर्जदाराचेही नाव घालण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. ३ नोव्हेंबर २०२५, ज्यान्वये अर्जदाराचा ‘सूर्योदय’ हा लेख साभार परत आला.

महोदय,

अर्जदार या प्रकरणी आपल्या पायाशी नव्हे, तर आपल्या टेबलाशी येत आहे. कारण मागणी दयेची नसून न्यायाची आहे, आणि न्याय कागदावरच शोभतो.

१. अर्जदार गेली एकोणीस वर्षे आपल्या वाचनालयाचा सभासद आहे. कार्यशाळेची सूचना फळ्यावर लागली त्याच संध्याकाळी त्याने नाव नोंदविले व पटावर त्याचा क्रमांक पहिला आहे. सौ. प्रेमिला हिचा क्रमांक तेविसावा, म्हणजे शेवटचा आहे. हे सांगण्यात गर्व नाही, फक्त क्रम आहे. मार्गदर्शिका श्रीमती दामिनी भोयर मॅडम यांनी पहिल्याच दिवशी शिकविले की, स्वतःविषयी लिहिताना मन आडवे येत असेल तर ‘मी’ न लिहिता ‘तो’ लिहावे. त्यानुसार या अर्जात सर्वत्र ‘अर्जदार’ असे लिहिले आहे. त्यामुळे खरे लिहिणे सोपे गेले. काही ठिकाणी जरुरीपेक्षा अधिक सोपे गेले, ते पुढे येईलच.

२. पहिल्या रविवारी अर्जदाराने ‘सूर्योदय’ वाचला. त्यात प्राचीदिशा, सुवर्णकिरणे, दवबिंदूंचे मौक्तिकहार व पक्ष्यांचे मंजुळ कूजन या सर्वांची यथायोग्य योजना केलेली होती. वाचन संपल्यावर अर्जदार कौतुकाची वाट पाहत असतानाच एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर श्री. चंपतराव यांनी भर वर्गात विचारले, “हेमराज, हा सूर्य कुठी पाह्यला गा तुनं? आपल्या बोळीत तं नऊ वाजेपर्यंत उजेड येत नाही.” सर्व हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “सूर्य छान आहे, धकातेजी. पण त्यात तुम्ही कुठे आहात?” सूर्योदयात माणसाने हजर राहावे लागते हे अर्जदाराच्या वाचनात कोठेही आलेले नव्हते.

३. दुसऱ्या रविवारी अर्जदार चष्मा घरी विसरला. तो देण्यासाठी सौ. प्रेमिला आली. ती चौथी शिकलेली असून घरी साड्यांना फॉल लावण्याचे काम करते. मॅडम म्हणाल्या, “उन्हाच्या आल्या ताई, बसा थोडं.” ती शेवटच्या बाकावर बसली. सर्व अनर्थ त्या चष्म्यापासून सुरू झाला.

त्या दिवशी मॅडमने घरातील एका वस्तूवर एक पान लिहून आणण्यास सांगितले. अर्जदाराने ‘समई’ हा विषय घेतला. घरी समई नाही, परंतु विषय उंचीचा आहे. सौ. प्रेमिला हिने कोणी सांगितले नसताना, फॉलच्या पुठ्ठ्याच्या मागे, पेन्सिलीने, कांड्यांच्या टोपलीवर लिहिले. कांडी म्हणजे विणताना आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवावयाची सुताची लहान नळी. आमचे घर कोष्ट्याचे आहे. दर्शनी खोलीत माग होता, तो सतरा वर्षांपूर्वी मोडीत गेला.

४. आता मुख्य आरोपाबाबत. सौ. प्रेमिला हिने लिहिलेला मजकूर अर्जदाराने वळणदार अक्षरात उतरवून काढून आपल्या नावाने वर्गात दिला, हे खरे आहे. समई जमत नव्हती, हेही खरे आहे. परंतु श्री. चंपतराव यास ‘चोरी’ म्हणतात, ते अर्जदारास मान्य नाही. मागाच्या घराची रीत आपणास ठाऊक नसल्यास विदित व्हावी. आमच्या घरी आई रुख्माबाई सूत उकलीत असे, प्रेमिला कांड्या भरीत असे, सुतास खळ देण्यास सर्व घर लागत असे, आणि लुगडे विणकरांच्या सोसायटीत जाई ते एका नावावर. आधी बाबनराव धकाते, त्यांच्यामागे हेमराज धकाते. पदरावर कोणाचा हात फिरला हे सोसायटीच्या बाबूने कधी विचारले नाही व घरातील बायांनी कधी सांगितले नाही. घरातून निघालेला माल घरधन्याच्या नावाने जातो, एवढेच अर्जदारास ठाऊक होते. कागद हा वेगळा माल आहे हे त्यास कोणी समजावून दिले नव्हते.

उतरवून काढताना अर्जदाराने त्यात स्वतःचीही भर घातली होती. ‘काळे हात’ येथे त्याने ‘कृष्णवर्ण कर’ असे केले व शेवटी ‘हा हन्त!’ असे जोडले. संपूर्ण पानात मॅडमने लाल पेनाने खोडले ते एवढेच. या गोष्टीचे शल्य शब्दांत मांडणे कठीण आहे.

५. तिसऱ्या रविवारी अर्जदाराने तो लेख उभा राहून वाचला. उतरवून काढताना त्याचे सर्व लक्ष अक्षराच्या वळणाकडे असल्याने मजकुराकडे नव्हते. मोठ्याने वाचू लागल्यावर त्यास प्रथमच कळले की आपण काय वाचीत आहोत. लेखात असे आहे की, एका घरचा माणूस आपला माग भंगारवाल्यास देऊन टाकतो आणि घरात कोणास सांगत नाही. उद्या सकाळी माणसे माग न्यायला येणार असतात. त्या घरच्या बाईला ते दोन दिवस आधीच कळलेले असते. तरी ती त्या दुपारी बसून टोपलीभर कांड्या भरते, रोजच्यापेक्षा दुप्पट, कारण माणूस शेवटचा मागावर बसेल तेव्हा त्याचा हात टोपलीत गेला आणि रिकामा आला, असे होऊ नये.

महोदय, अर्जदार त्या संध्याकाळी मागावर बसला होता. टोपली भरलेली होती. आपण गोष्ट किती शिताफीने लपविली, या समाधानात तो विणत होता. हे समाधान त्यास सतरा वर्षे पुरले होते.

वाचता वाचता तो एका ओळीवर अडला व तीच ओळ त्याने पुन्हा वाचली. वर्गास ती वाचनाची कला वाटली. मॅडमने डोळे पुसून विचारले, “धकातेजी, त्या उरलेल्या कांड्यांचं पुढे काय झालं?” अर्जदारास माहीत नव्हते. तो मागे वळला. शेवटच्या बाकावरून सौ. प्रेमिला म्हणाली, “हायेत अजून. लोखंडी पेटीत, माह्या लुगड्याखाली. यायले नाही माहीत.” त्यावर श्री. चंपतराव यांनी बाकावर थाप मारून जाहीर केले, “आता समजलं! सूर्य याचा अन् टोपली वहिनीची!” तेव्हापासून पटावर तेविसावे नाव आले.

६. त्यानंतरच्या घडामोडी अर्जदारास असह्य आहेत. सौ. प्रेमिला वाचावयास उभी राहिली की खुर्च्या सरकविण्याचा आवाज बंद होतो. अर्जदार उभा राहिला की श्री. चंपतराव पाणी प्यावयास जातात. मॅडम तिला म्हणतात, “ताई, थांबू नका.” अर्जदारास म्हणतात, “धकातेजी, थोडं थांबा.” बोळीत भाजी घेऊन येणारी पंचफुलाबाई इतकी वर्षे प्रेमिलास “धकात्याची बाई” म्हणून हाक मारीत असे. ती आता अर्जदारास म्हणते, “काहो, लेखिकाबाईचे मालक, वांगे घ्या नं!” अर्जदार तिच्याकडून वांगी घेणे बंद करून कॉटन मार्केटपर्यंत पायी जातो. वांगी तेथेही तीच आहेत.

दुकानात शेठजींनी हे सर्व ऐकून सांगितले, “हेमराज, भाभीजींना म्हणा आपल्या दुकानावरही काही लिहा.” अर्जदार चौदा वर्षांपासून त्या दुकानात आहे. त्यास कोणी काही लिहावयास सांगितले नाही.

७. कार्यशाळेचा एक नियम फलकावर लावलेला आहे : ‘लिहीत असलेला मजकूर पूर्ण होईपर्यंत घरी वाचून दाखवू नये.’ मॅडमचे म्हणणे असे की घरची माणसे हळूच हात धरतात. हा नियम सौ. प्रेमिला अक्षरशः पाळते. पूर्वी ती फॉल लावता लावता दिवसभराचे सर्व सांगत असे, कोणाच्या साडीस किती ठिगळे, कोणाची सून माहेरी गेली, आणि अर्जदार वर्तमानपत्रामागून “हूं” म्हणत असे. आता ती वही मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसते. लिहिताना ओठ हलतात. मधेच हसते. काय लिहितेस असे विचारले असता उत्तर मिळते, “रविवारी आयकाल.” म्हणजे वर्गातील बावीस लोकांसोबत, त्यांच्यातलाच एक होऊन, अर्जदाराने आपल्या बायकोचे बोलणे ऐकावयाचे. त्याने एकदा स्पष्ट म्हटले, “मले सांगाले काय होते?” ती म्हणाली, “सत्तावीस वर्षं सांगतच तं होती. तुमी पेपर वाचून राहिले होते.”

८. पुढील गोष्ट लिहावी की न लिहावी याचा अर्जदाराने दोन दिवस विचार केला. गेल्या मंगळवारी सौ. प्रेमिला पाणी भरावयास गेली असता त्याने ती वही उघडली. हा अपराध आहे व तो कबूल आहे.

त्यात एका माणसाविषयी लिहिलेले होते. तो साडीच्या दुकानात आहे. गिऱ्हाईक चाळीस साड्या उलगडायला लावते आणि एकही न घेता उठून जाते. शेठ चिडतो. हा माणूस चिडत नाही. तो एकेक साडी मांडीवर घेतो, किनारीस किनार लावतो, आणि घडी घालण्यापूर्वी पोत बोटांनी पाहून घेतो, कुठे धागा ओढला गेला का. मागावरचे हात आहेत, असे तिने लिहिले आहे. सबंध दुकानात त्या साडीची दुःखे फक्त त्यालाच कळतात, असेही लिहिले आहे. एकदा तो डबा विसरला म्हणून ती दुकानात आली होती, तेव्हा दारातून तिने हे पाहिले व आत न येता थोडा वेळ उभी राहिली, असे त्यात आहे.

महोदय, अर्जदारास त्या माणसाचा मत्सर वाटतो. हे वाचताना आपणास हसू आल्यास अर्जदाराची हरकत नाही. तो माणूस म्हणजे आपणच, हे त्यास कळते. परंतु त्या माणसाकडे ती ज्या नजरेने पाहते ती नजर अर्जदाराच्या वाट्यास येत नाही. कागदावरच्या माणसास एवढे सर्व, आणि पलंगावर बसलेल्या माणसास फक्त “दळण आणाचं हाय”. हे पान येत्या रविवारी ती वर्गात वाचणार. श्री. चंपतराव ते ऐकणार. पहिल्या बाकावरच्या बँकेतल्या बाई ऐकून “वा!” म्हणणार. आणि अर्जदारास तेथे बसून प्रथमच ऐकल्यासारखा चेहरा करावा लागणार.

९. सबब अर्जदाराने पुढील मागण्या करावयाचे योजिले होते : (अ) ‘कांड्यांची टोपली’वर दोघांची नावे छापावी, अर्जदाराचे प्रथम. (आ) लेखातील पात्रास आपल्याविषयीचा मजकूर छापण्यास हरकत घेण्याचा अधिकार असावा. (इ) पती-पत्नीस एकाच तुकडीत बसवू नये. (ई) तेही शक्य नसल्यास श्री. चंपतराव यांना दुसऱ्या तुकडीत घालावे.

हा अर्ज लिहावयास तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी अर्जदाराची मागणी (अ) ठाम होती. दुसऱ्या दिवशी त्याने लेख पुन्हा वाचून त्यातील स्वतःचा असा भाग शोधला. तो टोपलीत हात घालतो, एवढाच सापडला. भरली तिने. मागाच्या घरात ज्याच्या हाताखाली कापड वाढते त्याचे नाव लागते, ही रीत मान्य केली तर या मालावर नाव तिचेच लागते. अर्जदार (अ) मागे घेत आहे. (आ) मागे घेत आहे, कारण पात्राने काही हरकत घेण्यासारखे केलेले नाही. (इ) मागे घेत आहे, कारण दुसऱ्या तुकडीत तिचे वाचन ऐकू येणार नाही. (ई) बाबत आपण योग्य तो विचार करावा.

विषयात लिहिलेली मागणी अशा प्रकारे उरत नाही. कागद नवा घ्यावा तर सर्व पुन्हा लिहावे लागेल, म्हणून त्याच अर्जात एकच विनंती करण्यात येत आहे : फलकावरील नियमातून सौ. प्रेमिला हेमराज धकाते हिला फक्त अर्जदारापुरती सूट द्यावी, जेणेकरून ती जे लिहील ते वर्गाआधी एकदा घरी वाचून दाखवील. अर्जदार हात धरणार नाही. शब्द बदलणार नाही. ‘हा हन्त’ म्हणणार नाही. त्या वेळी वर्तमानपत्र घडी घालून बाजूस ठेवील, याची लेखी हमी तो या अर्जाद्वारे देत आहे. आपल्या अधिकारात हे बसत नसल्यास, नियम मोडल्याची नोंद अर्जदाराच्या नावावर करावी, तिच्या नव्हे.

आपल्या वाचनालयाचा एकनिष्ठ व या घटकेस अस्वस्थ सभासद,

(सही)
हेमराज बाबनराव धकाते
महाल, नागपूर
दि. ८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. ‘सूर्योदय’, दुरुस्त प्रत. पक्षी काढून टाकले आहेत. बोळ घातली आहे.
२. ‘समई’, अपूर्ण. परत केली तरी चालेल.

ता. क. : उद्या रविवारी अर्जदारास दुकानात लग्नसराईची गर्दी असल्याने वर्गास येता येणार नाही. सदर अर्ज सौ. प्रेमिला हिच्या हाती पाठविण्यात येत आहे. लिफाफा चिकटविलेला नाही. ती चूक समजू नये.