उसनं आणलेलं नाव

मास्तर, मी संगमेश्वराला नदीच्या काठी बसलोय आणि तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. दुसरं कोणी नाही म्हणून, असं म्हटलं तर तुम्हाला राग येईल, पण खरंच दुसरं कोणी नाही. वाण्याकडून दोन ताव कागद आणि एक शिसपेन घेतली. अक्षर तुमच्या वेळी होतं तसंच आहे, म्हणजे वाईट. तुम्ही म्हणायचात, "तुझ्या अक्षराला पाय फुटलेत, ओळ सोडून हिंडायला जातं." ते अजून हिंडतं. सांगायचं आहे ते त्या नावाबद्दल, जे मी उसनं आणलं होतं. पण नावावर येण्याआधी मला तुमचं नि आक्कांचं स्वयंपाकघर आठवतं, त्याला मी काय करू?

त्या वर्षी दसऱ्याला किल्ल्यावरची जुनी शिबंदी सीमोल्लंघनाला निघते असा देखावा शहरात करायचं ठरलं होतं. तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचात, म्हणून रंग, पोशाख, ढाली, निशाण सगळं तुमच्या गळ्यात पडलं. देखावा ठरवणाऱ्या मंडळींना नाटक कंपनीचे मखमली अंगरखे हवे होते आणि नावंही तसलीच, रणधीर काय नि वीरविक्रम काय. तुम्ही त्यांना ओटीवर बसवून घेतलंत, आक्कांनी पन्हं दिलं, आणि मग तुम्ही शांतपणे विचारलंत, "पहाऱ्यावरच्या गड्याचं नाव वीरविक्रम? मग त्याची आई त्याला जेवायला काय म्हणून हाक मारत असेल?" कोणी हसलं, कोणी उठून गेलं. पण तुम्ही ऐकलं नाहीत. खरी नावं, त्या काळच्या माणसांना होती ती, आणि निशाण त्या काळचं असेल तसं. विलायती रंगाची पूड नको, म्हणून वाळवलेली पळसाची फुलं आक्कांच्या भाताच्या पातेल्यात उकळलीत. ते पातेलं नंतर कितीही घासलं तरी भात पिवळाच होतोय. मी पाटावर बसलोय, तुम्ही समोर, आणि आक्का पळी हातात धरून उभ्या आहेत. "भात वाढू की निशाण?" त्या विचारतात. तुम्ही एक घास चावून बघता, अगदी परीक्षा घेतल्यासारखा, आणि म्हणता, "रंग पक्का बसलाय." आक्का कपाळाला हात लावतात. आजही कुठे खानावळीत हळदीचा भात पानात आला की मी एकटाच हसतो आणि वाढणारा माझ्याकडे बघत राहतो.

मी तेव्हा तुमच्या ओटीवर झोपायचो. शाळा सुटली होती, आई गेली होती, वडील मुंबईला गिरणीत गेले ते आधी फक्त पत्रांतून उरले आणि मग पत्रांतूनही नाहीसे झाले होते. तुम्ही मला काम दिलंत, रंग खलायचं. मला वाटलं, आपणही काही करून दाखवावं. म्हणून ढालीवर काढायला मी एक झकास नमुना केला. दोन सिंह, मागच्या पायांवर उभे, मधे मुकुट. तुम्ही तो चष्मा वर करून पाहिलात, मग चष्मा खाली करून पाहिलात.

"कुठून आणलास?"

"बिस्किटाच्या डब्यावरून."

"म्हणजे आपल्या गड्यानं आधी विलायती बिस्किटं खायची आणि मग लढायला जायचं, असं ना?"

आक्का आत हसल्या. मीही हसलो असतो, पण तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "माहीत नसेल तर ढाल कोरी ठेवावी. कोरी ढाल खोटी नसते. आणि माहिती हवी असेल तर बाहेर पड. तुझे पाय नाहीतरी घरात कुठं राहतात?" मला ते लागलं, मास्तर. सकाळी आक्कांनी बांधून दिलेली भाकरी घेऊन मी निघालो. संगमेश्वराकडच्या देवळांतून जुने दगड आहेत असं तुम्हीच कधीतरी बोलला होतात. मी आधी पालीला गेलो. तुम्ही नंतर विचारलंत, संगमेश्वराला जायचं तर पाली वाटेत कशी आली, आणि मी म्हटलं, बाजार होता. त्याला आजही माझ्याजवळ दुसरं उत्तर नाही. बाजारात एकजण माकडाला सलाम करायला शिकवत होता, त्यात माझी दुपार गेली.

मग डोंगर उतरून त्या गावात पोचलो. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. देवळामागे सुरंगीच्या झाडाखाली तो दगड होता, गुडघ्याएवढा. वर चंद्र-सूर्य, खाली एक माणूस, एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. ढालीवर चार फुल्या आणि मधे चंद्रकोर. कोणीतरी खरंच ती ढाल पाहिली होती आणि मग दगडात काढली होती. मी कागद लावून वरून कोळसा घासत बसलो, तेवढ्यात गावकर आले. गावकर म्हणजे गावाचे मानकरी, देवापुढे सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालणारे, म्हातारे, कानात भिकबाळी. मी त्यांना सगळं सांगितलं. दगडावर अक्षर नव्हतं, पण ते म्हणाले, "नाव हाय त्याचं. रवळोजी. गावासाटी पडला. मागं कोन ऱ्हायला नाय, म्हनून शिमग्याच्या गाऱ्हान्यात आमीच त्याला हाक मारताव."

मी कागदावर लिहायला लागलो तसा त्यांनी माझा हात धरला.

"आसं नाय न्ह्यायचं. नाव म्हंजे काय वाटंवरचं फूल हाय? द्येवाला इचारलं पायजे."

मग गुरवाला बोलावणं गेलं. त्यानं देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावल्या, डाव्या अंगाला आणि उजव्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. गावकर उभे राहून गाऱ्हाणं घालायला लागले आणि मधेच थांबले.

"नाव लावनार कोन? त्येचं सांगायला होवं."

तुमच्या मनात या ढालवाल्या गड्याचा पोशाख कोणाला द्यायचा होता ते मला ठाऊक नव्हतं. देव थांबला होता, गुरव थांबला होता. मी म्हटलं, "मी."

"तू कुटला?"

"रत्नागिरीचा."

"त्ये शेहेर झालं. गाव कंचं? द्येव कंचा?"

मला गाव माहीत नव्हतं. वडिलांनी कधी नेलं नव्हतं, आईनं सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं.

"मंग कोन हाय तुला?"

"मास्तर आहेत."

"मास्तर म्हंजे बापूस?"

"नाही."

गावकरांनी देवळामागच्या दगडाच्या दिशेनं हात केला. मग गुरवाला म्हणाले, "ऱ्हावदे. ह्येला पन कोन नाय, त्येला पन कोन नाय. दोगांचं जमंल." आणि उजवी पाकळी पडली. निघताना त्यांनी मला पायरीवर उभं करून बजावलं. "दसरा झाला का आनून पोचव. नारळ ठेव आनि सांग. तंवर आमी त्याला बोलवनार नाय. नाव तुज्यापाशी आनि हाक आमी हितनं मारली, तर त्यानं जायाचं कुनाकडं?"

परत आल्यावर मी हे सगळं सांगितलं तेव्हा तुम्ही पालीच्या माकडाला हसलात, कोळशाच्या कागदावर हात फिरवलात, आणि देवापुढे मी "मी" म्हणालो ते ऐकून पोशाखांची यादी काढलीत. तो पोशाख दोरखंडाच्या दुकानवाल्याच्या मुलासाठी होता. तुम्ही त्याला दुसरा दिलात. मला म्हणालात, "देवापुढं सांगितलंस ना? मग आता तूच."

दसऱ्याला आम्ही ओळीनं उभे आहोत. जाड्याभरड्या कापडाचे अंगरखे, काखेत टोचतात. पुढे निशाण, पळसाच्या रंगाचं, दोन टोकांचं, त्यावर चुन्यानं काढलेली चंद्रकोर. लोक मखमल शोधतायत आणि एकजण मोठ्यानं म्हणतो, "ही काय शिबंदी, ही तर भातकापणीला निघाली!" तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहात आणि त्या माणसाकडे बघून खूश होऊन मान हलवता, जसं काही तो तुमची स्तुतीच करतोय. मग हजिरी सुरू होते. शाळेत माझं नाव पटावर होतं तेव्हा मला ओ द्यायला नेहमी उशीर व्हायचा, मास्तर, लक्ष खिडकीबाहेर असायचं. त्या दिवशी हवालदार झालेल्या कारकुनानं "रवळोजी!" म्हणून हाक दिली आणि तिचं शेवटचं अक्षर त्याच्या तोंडात असतानाच मी "जी!" म्हणालो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर निशाण काठीवरून उतरवलंत, घडी केलीत आणि माझ्या हातात दिलंत. "हे तुला. नाव द्यायला शिमग्याआधी आपण दोघं जाऊ. मलाही तो दगड बघायचाय."

दोघं. तुम्ही दोघं म्हणालात, म्हणून मी थांबलो. मार्गशीर्षात तुम्हाला ताप आला. आक्का काढे करत होत्या, मी वैद्यांकडे जात-येत होतो, आणि वाटेत कुठेही थांबत नव्हतो, हे तुम्हाला कळलं असतं तर आश्चर्य वाटलं असतं. तुम्ही गेलात. आक्का दिरांकडे पुण्याला गेल्या. घराला कुलूप लागलं आणि पुढे तिथे दुसऱ्या कोणाचं बिऱ्हाड आलं. शिमगा आला आणि मी संगमेश्वराकडे निघालोही होतो, पण एकट्यानं ती वाट धरवेना. उलट दिशेला चालत राहिलो तो नाटे गावाला जाऊन थांबलो. तिथे बंदरात एक पडाव, शिडाचं गलबत, माल भरत होता. त्याच्या नाखव्यानं मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "तुजा नाव काय?" मी म्हटलं, "रवळोजी."

मग तेच झालं. खलाशांनी त्याचं रवळू केलं. मालवण, मंगळूर, वेरावळ, जिथे जाईन तिथे रवळू शीड ओढ, रवळू चहा आण, रवळू मेल्या झोपलास काय. निशाण मी डोक्याला बांधायचो, थंडीत पांघरायचो. मुंबईला पडाव लागला की गोदीत माणसांची तोंडं बघत फिरायचो, वडिलांएवढ्या वयाची. एकदा एकाच्या मागे खूप लांब गेलो. तो वळला तेव्हा कोणी दुसराच होता, आणि त्यानं विचारलं, "काय पाहिजे?" मी म्हटलं, "काही नाही." परत येताना मी माझं मलाच मनात रवळू म्हणून हाक मारत होतो.

गेल्या पावसाळ्याआधी कौलं नेताना एक गडी आमच्या पडावावर आला, त्याच गावचा. बोलता बोलता शिमग्याचं निघालं. म्हणाला, "आमच्याकडं गाऱ्हान्यात एका जागी गावकर वाईच थांबतात. कायच बोलत नायत. कोन तरी नाव घेऊन ग्येलाय म्हंतात, आनलानच नाय." आणि नारळ सोलायला लागला. मी कौलं मोजत राहिलो. पण तेव्हापासून ती थांबलेली जागा माझ्या डोक्यात बसली. मी गावोगाव हाका घेत फिरतोय आणि तो तिथे दगडात उभा आहे, तलवार उचलून, त्याच्याच गावात त्याला कोणी बोलवत नाही. मला निदान माझं दुसरं एक नाव होतं, त्याला तेवढंच.

म्हणून या शिमग्याला आलो. सरळ आलो, पालीला न जाता. जुने गावकर गेले, आता त्यांचा मुलगा आहे. मी नारळ ठेवला आणि म्हटलं, आणला तसा पोचवला.

"येवडं दिस कुटं व्हतास?"

"हिंडत होतो. दर्यावर."

त्यानं दगडाकडे बघितलं आणि चक्क हसला. "म्हंजे समिंदर बघितलान त्यानं!" मग मला म्हणाला, "आनि तुजं सोताचं नाव काय? द्येवाला सांगायला होवं, कोनी आनलान त्ये." मी सांगितलं. ते नाव मी इतक्या दिवसांत उच्चारलं नव्हतं की ते दुसऱ्या कोणाचा निरोप दिल्यासारखं वाटलं.

दुपारी पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली, सगळं गाव जमलं. नंतर मला जेवायला बोलावलं, पण मी निघालो. आता इथे बसलोय, निशाण मांडीवर आहे. चंद्रकोर उडून गेली आहे, रंग आक्कांच्या त्या भाताएवढाच उरलाय. पुढे कुठे जायचं ते ठरलेलं नाही. नाखव्यानं पडाव विकला. नव्या जागी नाव विचारतील तेव्हा काय सांगू, हे तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही म्हणाल, कोरी ढाल खोटी नसते. खरं आहे, पण ती हातात धरायला जड असते, मास्तर. हा कागद टाकायला पेटी नाही, निशाणाच्या घडीत राहील.

एक मात्र सांगून टाकतो. दुपारी गाऱ्हाण्यात नवे गावकर प्रत्येक ओळ म्हणायचे आणि ती संपली की सगळा गाव एकदम "व्हय म्हाराजा!" म्हणायचा. ती जागा आली. या वेळी ते थांबले नाहीत, त्यांनी "रवळोजी" म्हटलं आणि पुढच्या शब्दासाठी श्वास घेतला. ओळ संपली नव्हती, गाव वाट बघत होता. मी "जी" म्हणालो. हळूच म्हणालो. शेजारच्या एका म्हातारीनं तेवढं वळून पाहिलं.