हात लावू नये

प्रिय ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तू मधेच काहीतरी विचारतेस आणि मी विषय बदलते, हे आपल्या दोघींनाही चांगलं माहीत आहे. म्हणून आज सकाळीच टेबल पुसून लिहायला बसले. बाबांना बजावलंय की दोन तास मला हाक मारायची नाही. त्यांनी आत्तापर्यंत तीनदा मारली. तिसऱ्यांदा तर, पत्र कितपत झालं, हे विचारायला.

आधी घरच्या बातम्या. बाबांनी स्वयंपाकघरातला नळ स्वतः दुरुस्त केला, त्यामुळे आता दोन नळ गळतात. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सत्तराव्या वर्षी पियानो शिकायला घेतलाय आणि सरावाला आपल्याकडे येतात. बाई जिद्दीच्या आहेत. चुकल्या की थांबत नाहीत, उलट आणखी जोरात वाजवतात, म्हणजे चूक ऐकणाऱ्याची वाटावी. माझा गुडघा आता बरा आहे. या महिन्यात अकरा पियानो सुरात लावले. एकात चमचा सापडला आणि एकात कुणाचा तरी दुधाचा दात. दात डॉक्टरीणबाईंना दाखवला, तर त्यांनी चष्मा लावून मुलाचं वय सांगितलं आणि तो गोड फार खातो हेही सांगितलं. आम्ही तिघं दिवसभर हसत होतो.

आता मुद्द्याचं. गुरुवारी तू अगदी सहज बोलल्यासारखं दाखवून सांगितलंस की सभागृहाच्या व्यवस्थापकांना नकार कळवणार आहेस. आठ महिन्यांपूर्वी वाजवलेली तुझी तीच रचना संगीत सप्ताहात पुन्हा वाजवावी म्हणून ते स्वतः बोलावताहेत, वीस तारखेपर्यंत उत्तर मागताहेत, आणि तू नाही म्हणणार. वर हेही म्हणालीस की आता रचना वगैरे पुरे झालं, शाळेत मुलांना शिकवतेस तेवढंच नीट करशील. का, म्हणून विचारलं तर म्हणालीस, आई, तूच बरोबर होतीस, हात तयार नसला की माणूस बेसूरपणालाच कला म्हणायला लागतो. बाई गं, माझंच वाक्य तू मला जसंच्या तसं परत केलंस. फोन ठेवला आणि मी बराच वेळ तशीच उभी होते. बाबांनी विचारलं, कोण गेलं?

ते वाक्य मी तुला पहिल्यांदा कधी ऐकवलं, ते मला आठवतंय. तू एकोणीस वर्षांची होतीस. कॉलेजमधून तुझी पहिली रचना घेऊन आलीस आणि जेवायच्या आधीच वाजवून दाखवलीस. शेजारशेजारच्या पट्ट्या एकदम दाबलेल्या, एकमेकांत घुसणारे स्वर, कानाला कुठे टेकायला जागाच नाही. मी कपाळाला आठ्या घालून बसले होते. संपल्यावर ते वाक्य बोलले, आणि वर म्हटलं की आजकालच्या सगळ्यांचं हेच आहे, नीट लावता येत नाही म्हणून बिघडवतात. तू भांडली नाहीस. पियानोचं झाकण हळूच लावलंस आणि जेवायला बसलीस. आपटलं असतंस तर मला बरं वाटलं असतं.

खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण तू चार वर्षांची असल्यापासून हेच करत आलीस. मी पियानो लावत असायची, तू स्टुलावर चढायचीस, शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबायचीस आणि खुदखुदून हसायचीस. मी तुझं एक बोट उचलून बाजूला ठेवायची. सांगायची, ही नाहीतर ती, एक काहीतरी निवड. तू मान डोलवायचीस आणि पुन्हा दोन्ही दाबायचीस. दोन स्वर एकमेकांना घासले की आवाजात जो हेलकावा येतो ना, वँव वँव असा, तो तुला आवडायचा. तोच हेलकावा घालवून मी पोट भरत होते, आणि माझ्याच पोरीला त्याच्या गुदगुल्या होत होत्या.

तुझ्या आजोबांनी मला ही विद्या शिकवली तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यांच्या लेखी बेसूर पियानो म्हणजे न झाडलेलं घर. पण एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती, आणि ती मी सोयीस्करपणे विसरले. सगळे स्वर एकमेकांशी तंतोतंत जुळतील असा पियानो लावताच येत नाही. एका जोडीचं पूर्ण समाधान केलं की दुसरी रडते. म्हणून प्रत्येक जोडीतलं थोडंथोडं सुख काढून घ्यायचं, सगळ्यांकडून सारखं, म्हणजे कुणाची तक्रार येत नाही. पन्नास वर्षं मी हेच करतेय. म्हणजे बघ, तुझी आई आयुष्यभर पियानो अगदी मापात बेसूर लावत आली आणि लोक तिला म्हणत राहिले, वा, काय सुरात लावलाय.

आता आठ महिन्यांपूर्वीचा कार्यक्रम. तू माझी जुनी चावी मागून नेलीस, ती तारांच्या खुंट्या पिळायची, लाकडी मुठीची. दोन दिवस सभागृहात एकटी बसून त्या पियानोच्या नऊ पट्ट्या तू स्वतः लावल्यास. एकेका पट्टीला तीन तारा, तिन्ही एका सुरात असतात. तू त्यातली एकेक किंचित उतरवलीस, म्हणजे ती पट्टी वाजली की स्वर हेलकावे खात राहील. सगळी रचना त्या नऊ पट्ट्यांवर उभी होती. आणि संध्याकाळी, भरल्या सभागृहात, तू पहिली पट्टी दाबलीस आणि तुझा हात थांबला. मी चौथ्या रांगेत होते. हेलकावा नव्हताच. तारा पुन्हा सुरात आलेल्या. तू शेवटपर्यंत वाजवलंस, पण ते मीठ विसरलेल्या जेवणासारखं झालं, आणि ते तुलाच सगळ्यांच्या आधी कळलं. संगीतशाळेच्या मुख्याध्यापिका बाहेर पडताना म्हणाल्या, गोड आहे हो, पण अगदीच बाळबोध. तुझ्या कानावर ते पडलेलं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तू फोन करून विचारलंस, आई, उतरवलेली तार आपोआप वर चढते का गं? मी म्हटलं, चढते कधीकधी, खुंटी पक्की बसवली नाही तर. मग म्हणालीस, म्हणजे माझाच हात कच्चा. आणि मी, जी बाई दुकानदाराशी एका बटणावरून अर्धा तास वाद घालते, ती मूग गिळून बसले.

तीन आठवड्यांपूर्वी व्यवस्थापक मला रस्त्यात भेटले. ते म्हणाले की कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तू एकटीच सराव करत होतीस तेव्हा ते खुर्च्या लावत होते, आणि अर्ध्या खुर्च्या तशाच सोडून खाली बसले. तेव्हा जे वाजलं ते मला पुन्हा ऐकायचंय, म्हणाले, कार्यक्रमात वाजलं ते नाही. मला काही चैन पडेना. घरी आले आणि ठरवलं, आपल्या पियानोवर हे करून बघायचंच. त्यात काय एवढं, बिघडवायला कितीसा वेळ लागतो. तुझी हाताने लिहिलेली पानं स्टुलाच्या खणात होतीच. तू लिहून ठेवलंयस, नऊही पट्ट्यांचा हेलकावा एकाच वेगाचा, सेकंदाला दोन.

ठमे, मला चार दिवस लागले. पहिली पट्टी झाली. दुसरी आळसावली. तिसरी बकरीसारखी बें बें करायला लागली. तार खाली आणावी तर रात्रीतून सरकायची, घट्ट बसवावी तर माप चुकायचं. उंच स्वराला केसभर पिळलं तरी हेलकावा पळत सुटतो, खालच्याला तेवढंच पिळलं तर हलतही नाही, म्हणजे प्रत्येक खुंटीला वेगळा हात. दुसऱ्या दिवशी मी चावी खाली ठेवली आणि मला चक्क रडू आलं. बाबा मला चहा देऊन परत गेले. चौथ्या दिवशी दुपारी नऊच्या नऊ एका चालीत चालायला लागल्या. मग मी तुझी पहिली दोन पानं वाजवली. अडखळत, पण वाजवली.

बाबा ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आले आणि दारात उभे राहिले. तुला माहीत आहे, त्यांना संगीतातलं काही कळत नाही, कळतं ते बसच्या इंजिनातलं. ते म्हणाले, पहाटे डेपोत दोन बसगाड्या शेजारी शेजारी चालू ठेवल्या की असंच घुमतं. तीस वर्षं मी त्या आवाजात उभा राहून पहिला चहा प्यायलो. तेव्हा मला वाटायचं, हे फक्त मलाच छान वाटतं. आणि मग त्यांनी ती पानं मला पुन्हा वाजवायला लावली. आता रोज वाजवायला लावतात. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाई सरावाला आल्या, दोन स्वर वाजवले आणि कुजबुजत म्हणाल्या, अहो, तुमचाच पियानो बिघडलाय. मी म्हटलं, बिघडला नाही, बिघडवलाय, आणि नीट बिघडवलाय. इतका आनंद मला कुठलाही पियानो सुरात लावून झाला नव्हता, खरं सांगते.

आता जे सांगायला बसले ते सांगते, नाहीतर टपाल निघून जाईल. तारा आपोआप चढल्या नाहीत. मी चढवल्या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सभागृहातून निरोप आला होता की यावेळी येऊ नका, मुलगी स्वतः बघणार आहे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बावीस वर्षं तो पियानो मी लावतेय, सभागृहाची किल्ली माझ्याकडे आहे, गेले कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी. पियानोवर तू चिठ्ठी चिकटवली होतीस, हात लावू नये. अशा चिठ्ठ्या मी जन्मभर चिकटवत आलेय, सफाईवाल्यांसाठी, मुलांसाठी, हौशी पाहुण्यांसाठी. पियानो लावणाऱ्या बाईसाठी ती नसते, हे माझ्या हाडात बसलंय. मी ती काढून पिशवीत टाकली आणि कामाला लागले. पहिल्या चार पट्ट्या सरळ करताना वाटलं, पोरीला साधं लावताही येत नाही. पाचवीला माझा हात थांबला. आधीच्या चारही अगदी याच वेगाने हेलकावत होत्या. चुकून एक तार उतरते, ठमे, पाच तारा एका मापाने उतरत नाहीत. हे ज्याने केलं त्याचा हात माझ्या हाताच्या तोडीचा आहे, हे मला त्या क्षणी कळलं. आणि तरीही मी उरलेल्या पाचही सरळ केल्या. पहिल्या चार परत उतरवायला वेळ होता, तेही केलं नाही. संध्याकाळी मुख्याध्यापिका येणार, माझी सगळी गिऱ्हाइकं येणार, ते म्हणतील, हिच्या स्वतःच्या मुलीचा पियानो बेसूर. एवढीच भीती. तुझी रचना मी माझ्या अब्रूसाठी पुसली, आणि वर तुला कच्च्या हाताची ठरू दिलं. माफ कर असं म्हणायला मी लायक आहे की नाही ते तू ठरव, मी म्हणतेय. पण वीस तारखेच्या आत हो कळव. शाळा कर, मुलांना शिकव, माझ्यावर वर्षभर रुसून राहा, फक्त हो कळव. पियानो तूच लाव. मी शेजारी बसून लोकरी पट्टी धरेन, बाकीच्या तारा दाबून ठेवायला कुणीतरी लागतंच, आणि तोंड बंद ठेवेन. बाबांनी पहिल्या रांगेतली खुर्ची आत्ताच मागून ठेवलीय. तुझी ती चिठ्ठी आठ महिने माझ्या पिशवीत चावीशेजारी पडून होती, ती सोबत पाठवतेय. पुन्हा चिकटव. तुझ्या 'हात लावू नये'च्या खाली मी माझ्या अक्षरात दोन शब्द वाढवलेत: आईनेसुद्धा नाही.

तुझीच,
आई